संगणक-शंका : स्क्रिप्ट का रांगते, आणि फाइलींच्या तारखा जुळत का नाहीत?

या खेपेला टपालात पायथनवाल्यांचीच (पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा) गर्दी झालीय. बहुतेकांचं दुखणंही एकाच जागी आहे, ते म्हणजे फाइलीबद्दलची माहिती, साइज, तारीख, प्रकार वगैरे, ज्याला आपण मेटाडेटा म्हणतो. कुणाला ती वाचायला फार वेळ लागतोय, कुणाला वाचलेलं चुकीचं वाटतंय. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ढकलून हीच घेतो.

प्रश्न : सर नमस्कार. मी कोल्हापूरला एका फोटो लॅबमध्ये काम करतो. ऑफिसच्या नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) साधारण दोन लाख फोटो आहेत, त्यांची यादी (नाव, साइज, शेवटचा बदल) एक्सेलमध्ये काढायला पायथनची स्क्रिप्ट लिहिली. आधी ओएस.लिस्टडिर (फोल्डरमधली नावं), मग प्रत्येक नावावर इजफाइल (फाइलच आहे का), गेटसाइज (साइज) आणि गेटएमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ). ऑफिसच्या विंडोज पीसीवरून याला अर्धा तास लागतो. तेच फोटो घरच्या लिनक्स लॅपटॉपवर कॉपी करून चालवली तर काही सेकंदांत संपते! मित्र म्हणतो पायथन स्लोच आहे, रस्टमध्ये लिही. लिहू का?

उत्तर : रस्ट शिकायचीच असेल तर जरूर शिका, पण या कामासाठी नको. रस्टमध्ये लिहिलंत तरी ती स्क्रिप्ट नॅसच्या उत्तराची वाट बघत तेवढाच वेळ बसणार, फक्त जरा रुबाबात बसेल.

तुमच्या कोडात काय होतंय बघा. इजफाइल, गेटसाइज आणि गेटएमटाइम दिसायला तीन वेगळी फंक्शन्स, पण तिघंही आतून ऑपरेटिंग सिस्टिमला जवळपास तोच प्रश्न विचारतात, या नावाच्या फाइलीची माहिती दे. पहिल्याच उत्तरात प्रकार, साइज, तारखा सगळं येऊ शकतं, त्यातलं एक उचलायचं आणि बाकीचं फेकून द्यायचं आणि पुढच्या ओळीत परत तेच मागायचं असा प्रकार चाललाय. म्हणजे एकाच कागदासाठी तलाठी ऑफिसच्या तीन खेपा. दोन लाख फाइली गुणिले तीन म्हणजे सहा लाख विचारणा, आणि नॅस नेटवर्कपलीकडे असल्याने प्रत्येक विचारणेला तारेवरून जाऊन येणं आलं. एका फेरीला ३ मिलिसेकंद धरा, सहा लाखांचे १८०० सेकंद होतात, म्हणजे बरोबर तुमचा अर्धा तास. लॅपटॉपवर तीच माहिती एकदा मेमरीत आली की एका विचारणेला मायक्रोसेकंदांचा हिशोब, त्यावर पायथनचा स्वतःचा खर्च चढवला तरी काम सेकंदांतच आटपतं. तेव्हा पायथन दोन्हीकडे तोच आहे, फरक फेऱ्यांचा आहे.

उपाय म्हणजे ओएस.स्कॅनडिर. हे पायथन ३.५ मध्ये, २०१५ साली आलं, बेन हॉइट यांनी पेप ४७१ मध्ये (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा लेखी प्रस्ताव) मांडलं होतं, आणि त्यामागचा मुद्दा अगदी साधा होता. विंडोज जेव्हा फोल्डरमधली नावं देतं तेव्हा नावासोबत साइज, तिन्ही तारखा आणि अ‍ॅट्रिब्यूट्स तसेही देतंच, लिस्टडिर मात्र त्यातलं नुसतं नाव ठेवून बाकी टाकून देत होतं. स्कॅनडिर ते टाकत नाही, प्रत्येक नावाची एक एन्ट्री हातात देतं, आणि एन्ट्री.इज_फाइल, एन्ट्री.स्टॅट म्हटलं की विंडोजवर सहसा नवी फेरी न मारता जवळचंच उत्तर मिळतं (सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद, असेल तर मात्र फेरी होते). नेटवर्कवरच्या फोल्डरलाही हेच, एका पॅकेटात बऱ्याच नावांची माहिती एकदम येते. ओएस.वॉक (फोल्डरातले फोल्डरही फिरून येणारं फंक्शन) तेव्हाच स्कॅनडिरवर नेलं गेलं आणि पेपमध्येच नोंद आहे की ते विंडोजवर ८ ते ९ पट, लिनक्स-मॅकवर २ ते ३ पट वेगवान झालं.

तुमच्या लूपमध्ये बदल जेमतेम चार ओळींचा आहे. विथ ओएस.स्कॅनडिर(फोल्डर) अ‍ॅज यादी, मग यादीतल्या प्रत्येक एन्ट्रीवर इज_फाइल विचारा, हो आलं की माहिती = एन्ट्री.स्टॅट() असं एकदाच लिहा, आणि माहिती.एसटी_साइज व माहिती.एसटी_एमटाइम एक्सेलला द्या. विथ आठवणीने लावा, नाहीतर लूप मधेच तुटला तर फोल्डर उघडाच राहतो. आणखी एक फायदा असा की लिस्टडिर दोन लाख नावांची अख्खी लिस्ट बनवून मगच हातात देतं, स्कॅनडिर जसजसं मिळेल तसं देत जातं.

आता लिनक्सबद्दल, कारण घरी तुम्ही तेच वापरता. तिथे फोल्डर वाचताना नाव, आयनोड नंबर (फाइलीचा अंतर्गत क्रमांक) आणि फाइल की फोल्डर एवढंच मिळतं, म्हणजे इज_फाइल बहुतेकदा फुकट पण साइज-तारखेसाठी फाइलीमागे एक स्टॅट (माहितीची विचारणा) लागतोच. तरी तीनाचं एक झालंच ना. लिनक्सवरून नेटवर्क ड्राइव्ह वाचायची वेळ आली आणि हेही कमी पडलं तर थ्रेडपूलएक्झिक्युटर लावा, म्हणजे अनेक विचारणा एकाच वेळी चालतील, आठ-दहा थ्रेड पुरेत. लोक लगेच म्हणतात पायथनला थ्रेडचा उपयोग नाही, जिआयएल आहे, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप. पण स्टॅटची वाट बघताना पायथन ते कुलूप सोडून देतं, त्यामुळे इथे थ्रेड खरंच कामाला येतात. नॅसमध्ये जुन्या फिरत्या डिस्क असतील तर मात्र थ्रेड वाढवत नेऊ नका, डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावत बसेल आणि वेग उलट कमी होईल.

आणि वेळ मोजताना फसू नका हं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा माहिती डिस्कवरून आली, दुसऱ्यांदा मेमरीतून, मग लोक दोन रनच्या मध्ये कोड बदलतात आणि सुधारणेचं श्रेय कोडाला देतात. प्रत्येक पद्धत दोनदा चालवा आणि पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशीच तुलना करा. लिनक्सवर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन प्रॉक फोल्डरमधल्या ड्रॉप_कॅशेस फाइलीत ३ लिहिलं की कॅश (मेमरीतली साठवण) रिकामी होते, आणि एसट्रेस (प्रोग्राम सिस्टिमला काय विचारतो ते टिपणारी कमांड) ला -सी लावून स्क्रिप्ट चालवली की किती स्टॅट झाले त्याचा तक्ताच समोर येतो. तो तक्ता पाहिला की वादच मिटतात.

स्कॅनडिरची एक खोड आधीच सांगून ठेवतो. एन्ट्रीतली माहिती एकदा घेतली की साठवलेली राहते, नंतर फाइल वाढली तरी एन्ट्री.स्टॅट जुनाच आकडा देणार. शिवाय विंडोजवर फोल्डरच्या यादीतला आकडाच कधीकधी शिळा असतो, एखादा प्रोग्राम फाइल उघडी ठेवून तिच्यात लिहितोय तर यादीत साइज शून्यसुद्धा दिसते, किंवा हार्डलिंकच्या (एकाच फाइलीची दोन नावं) दुसऱ्या नावाने बदल झाला तर या नावापुढची माहिती मागे राहते. फोटोंच्या यादीला याने काही बिघडत नाही. चालू लॉग फाइलीवर लक्ष ठेवायचं असेल तर त्या तेवढ्या फाइलीला सरळ ओएस.स्टॅट करा. वेग हवा तिथे एन्ट्री, खात्री हवी तिथे थेट विचारणा, दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये सुखाने नांदतात.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, शाळेचं काम पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायला मुलाने स्क्रिप्ट करून दिली होती, तो आता शिकायला बाहेर आहे. स्क्रिप्ट म्हणे बदललेल्याच फाइली कॉपी करते पण दर वेळी सगळ्याच कॉपी होतात. त्यात मी दोन्हीकडचा एमटाइम छापून पाहिला, काहींत एक-दीड सेकंदाचा फरक, आणि एकदा शाळेतल्या लिनक्स मशीनवर लावला तर चक्क साडेपाच तासांचा! पेनड्राइव्ह खराब आहे का?

उत्तर : ताई, पेनड्राइव्ह ठणठणीत आहे. आणि एमटाइम छापून बघायचं सुचलं तिथेच अर्धं निदान तुम्ही केलंत.

बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ (डिस्कवर फाइली मांडायची एक जुनी पद्धत, म्हणजे फाइलसिस्टिम) मध्ये फॉरमॅट केलेले असतात, आणि फॅटमध्ये शेवटच्या बदलाची वेळ फक्त २ सेकंदांच्या टप्प्यात लिहिता येते. तुमच्या पीसीवरचं एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) १०० नॅनोसेकंदांपर्यंत वेळ ठेवतं. म्हणजे १० वाजून ४ मिनिटं ७.३ सेकंदांनी सेव्ह केलेली फाइल पेनड्राइव्हवर गेली की तिची वेळ ६ किंवा ८ सेकंद होणार, ७.३ कधीच नाही. आता स्क्रिप्टमध्ये दोन्ही वेळा बरोबर आहेत का असं दोन इक्वलटू लावून विचारलं असेल, तर उत्तर जवळजवळ कायम नाहीच येणार आणि सगळं परत कॉपी होणार. ती ओळ बदलून दोन वेळांतला फरक २ सेकंदांपेक्षा जास्त आहे का असं विचारा, जोडीला साइजही तपासा. ही तडजोड काही आपल्याच घरची नाही, आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्राममध्ये यासाठीच मॉडिफाय-विंडो नावाचा पर्याय आहे आणि विंडोजच्या रोबोकॉपीमध्ये एफएफटी.

साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद, हा आकडा दिसला की भारतात तरी दुसरीकडे बघायची गरज नाही. फॅट घड्याळातली स्थानिक वेळ जशीच्या तशी लिहितं, टाइमझोन कुठला ते लिहीतच नाही. एनटीएफएस आणि लिनक्सच्या फाइलसिस्टिम यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतात. शाळेतल्या लिनक्स मशीनचा टाइमझोन यूटीसीवर राहिलेला दिसतोय, त्यामुळे आपल्या दुपारच्या ३ ला ते यूटीसीचे ३ समजलं आणि फाइल साडेपाच तास पुढची दिसली. त्या मशीनचा टाइमझोन एशिया-कोलकाता करून घ्या, मग पेनड्राइव्ह काढून परत लावा. तुमच्या पीसीवर आणि पेनड्राइव्हवर एनटीएफएस असेल तर हे दोन्ही त्रास उरत नाहीत, पण मग तो प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला लावल्यावर वाचला जाईलच असं नाही, तेव्हा मी तुमच्या जागी फॅटच ठेवेन आणि स्क्रिप्ट सुधारेन.

मुलगा फोनवर भेटला की त्याला एवढं सांगा, तो समजेल : एसटी_एमटाइम हा फ्लोट (दशांश संख्या) आहे, आणि आजच्या तारखेचे सेकंद १७० कोटींच्या पुढे गेल्याने फ्लोटच्या ५३ बिटांतले ३१ तिथेच खर्च होतात, उरलेल्यात साधारण २३८ नॅनोसेकंदांपेक्षा बारीक फरक मावतच नाही. त्यामुळे वेळ जपून ठेवायची किंवा दुसऱ्या फाइलीला लावायची असेल तर एसटी_एमटाइम_एनएस घ्यायचं, तो पूर्णांक असतो आणि पायथन ३.३ पासून आहे, आणि ओएस.यूटाइमला एनएस या नावाने द्यायचा. कॉपीसाठी शटिल.कॉपी वापरलं असेल तर तारीखच सोबत जात नाही, नव्या फाइलीला आत्ताची वेळ लागते, कॉपी२ वापरायचं. त्यातही गंमत आहे, लिनक्सच्या ईएक्सटी४ वरून एनटीएफएसवर गेलं की शेवटचे दोन आकडे कापले जाणार, म्हणजे नॅनोसेकंदवाले पूर्णांकसुद्धा इक्वल येत नाहीत. दोन वेगळ्या फाइलसिस्टिमच्या वेळा तुलना करताना इक्वलटू हे चिन्हच विसरायचं.

प्रश्न : वरच्यासारखंच पण उलटं. आमच्या टूलमध्ये फाइल बदलली की ती परत प्रोसेस व्हावी अशी सोय आहे, बदल ओळखतो एमटाइमवरून. टेस्टमध्ये फाइल लिहून लगेच परत लिहिली तर कधीकधी बदल पकडलाच जात नाही. उबंटू, ईएक्सटी४, नॅनोसेकंदवालंच फील्ड वापरलंय. मग? — पुण्यातून एक इंजिनीअर

उत्तर : फील्ड नॅनोसेकंदांचं आहे म्हणून घड्याळही तेवढं बारीक असतं असं नाही. लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) फाइलीवर वेळेचा शिक्का मारताना दर वेळी घड्याळ नव्याने वाचत नसे, शेवटच्या टिकची (घड्याळाच्या ठोक्याची) वेळ मारून मोकळं व्हायचं, आणि टिक सेकंदाला २५० असतील तर ते ४ मिलिसेकंदांनी एकदा पुढे सरकतं. त्या ४ मिलिसेकंदांत दोनदा लिहिलंत की दोन्हीला शिक्का एकच, नॅनोसेकंदापर्यंत एकच. कर्नल ६.१३ मध्ये, जानेवारी २०२५ ला, ईएक्सटी४, एक्सएफएस वगैरेंसाठी यात सुधारणा झाली, कुणी मधे वेळ वाचून गेलं असेल तर पुढच्या बदलाला बारीक घड्याळ वापरतात. पण तुमच्या सगळ्या ग्राहकांकडे तो कर्नल असेल यावर विसंबू नका.

गिटने (कोडातले बदल जपणारं टूल) हा प्रश्न फार आधीच ओळखला होता. इंडेक्स (फाइलींची नोंदवही) लिहिल्याच्या वेळेला किंवा नंतर बदललेली दिसणारी फाइल ते संशयित धरतं आणि आतला मजकूर ताडून बघतं. तुम्हीही तेच करा, साइज आणि एमटाइम दोन्ही तसंच असेल पण एमटाइम मागच्या तपासणीच्या अगदी लगतचा असेल तर हॅश (मजकुराचा ठसा) काढा, पायथन ३.११ पासून हॅशलिब.फाइल_डायजेस्ट आहेच. सगळ्याच फाइलींचा हॅश काढायला जाऊ नका, मग मेटाडेटा वाचून वाचवलेला वेळ सगळा तिथे जाईल. आणि एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली देणारी व्यवस्था) टूल चालणार असेल तर आणखी एक, क्लायंट फाइलीची माहिती ३ ते ६० सेकंद स्वतःजवळच ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर झालेला बदल तुम्हाला तेवढा उशिरा दिसू शकतो, त्यात पायथनचा काही दोष नाही.

प्रश्न : दादा, घरातले जुने फोटो वर्षाप्रमाणे लावायचेत. गेटसीटाइम वापरलं, निम्मे फोटो २०२४ च्या फोल्डरमध्ये गेले, त्यात आजीच्या पंच्याहत्तरीचे पण, जी २०११ ला झाली. काय चुकलं? — नाशिक

उत्तर : २०२४ ला नवा लॅपटॉप किंवा नवी हार्डडिस्क घेतली होती ना? विंडोजवर गेटसीटाइम ही फाइल या डिस्कवर कधी तयार झाली ते सांगतं, कॉपी केलेल्या फाइलीला ती तारीख नवीन मिळते, बदलाची मात्र जुनीच राहते. म्हणून जन्म २०२४ चा आणि शेवटचा बदल २०११ चा अशी फाइल दिसते आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. लिनक्स आणि मॅकवर तर तेच फंक्शन भलतंच काहीतरी देतं, परवानग्या बदलल्या, हार्डलिंक केली, मजकूर बदलला, असा शेवटचा बदल नोंदीत कधी झाला ती वेळ, तिचा फोटो काढण्याशी काडीचाही संबंध नाही. हा घोळ इतका जुना आहे की पायथन ३.१२ मध्ये विंडोजवर एसटी_बर्थटाइम हे वेगळं फील्ड दिलं आणि जन्मतारखेसाठी एसटी_सीटाइम वापरू नका असं सांगून टाकलं. विंडोजची अजून एक कमाल, एखादी फाइल डिलीट करून १५ सेकंदांच्या आत त्याच नावाची नवी बनवली तर नवीला जुनीचीच जन्मतारीख मिळते. जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेली सोय आहे ती, पण टेस्ट लिहिणाऱ्यांचं डोकं खाते.

फोटो कधी काढला हे फोटोच्या आत, एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेली माहिती), डेटटाइमओरिजिनल या नावाखाली असतं. पिलो लायब्ररीने वाचता येतं. हे फाइल उघडून वाचावं लागतं त्यामुळे स्टॅटपेक्षा हळू, पण घरच्या फोटोंना एकदाच करायचंय, चहा होईपर्यंत होऊ दे. त्यात टाइमझोन नसतो बहुतेक वेळा (ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, लिहायची सोय एक्झिफमध्ये २०१६ ला आली), तेव्हा अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेल्या फोटोची तारीख एखाद्या दिवसाने मागे-पुढे झाली तर आश्चर्य नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांत एक्झिफ उडालेलं असतं, तिथे अँड्रॉइडवरच्या नावातली तारीख, आयएमजी नंतरचे आठ आकडे, ती घ्या, पण ती फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे. यातलं काहीच नाही मिळालं तर जन्म आणि बदल यांतली जी जुनी ती. आणि आजीची पंच्याहत्तरी हाताने लावा, त्याला स्क्रिप्ट कशाला.

प्रश्न : सर्व्हरवर जागा संपत आलीय. वर्षभर कुणी उघडलेल्या नाहीत अशा फाइली एटाइम (शेवटचं वाचल्याची वेळ) बघून डिलीट करायच्या असं साहेबांनी सांगितलंय. आणि गेटसाइजने बेरीज केली तर ती डिस्कच्या क्षमतेपेक्षा जास्त येतेय, हे कसं?

उत्तर : डिलीट करू नका, आधी दुसरीकडे हलवा आणि महिनाभर कुणी ओरडतंय का बघा. लिनक्सवर २००९ पासून, कर्नल २.६.३० पासून, रिलेटाइम ही पद्धत आहे, फाइल बदलली नसेल तर एटाइम फार तर दिवसातून एकदा हलतो, वर्षाच्या हिशोबाला ते चालून गेलं असतं. पण बऱ्याच सर्व्हरवर वेगासाठी नोएटाइम लावून ठेवलेलं असतं, मग तो वाचल्यावर हलतच नाही, आणि रोज वापरातली फाइलसुद्धा पाच वर्षांपूर्वीची दिसते. प्रॉकमधल्या माउंट्स फाइलीत बघा काय लावलंय. विंडोज सर्व्हर असेल तर तिथेही एनटीएफएसचा लास्ट अ‍ॅक्सेस व्हिस्टापासून बाय डिफॉल्ट बंद केला होता, तुमच्या व्हर्जनवर काय आहे ते एफएसयूटिल या कमांडला विचारा. उलट बाजूने, बॅकअप किंवा अँटिव्हायरस सगळं वाचत सुटला की न वापरलेल्या फाइलीही ताज्या दिसू शकतात.

बेरजेचं म्हणाल तर दोन संशयित आहेत. एक हार्डलिंक, एकच फाइल चार नावांनी असेल तर गेटसाइज चारदा मोजतं, तेव्हा एसटी_डेव्ह आणि एसटी_आयनो (डिस्कचा आणि फाइलीचा क्रमांक) ही जोडी एका सेटमध्ये टाकत जा आणि आधी आलेली असेल तर सोडून द्या (विंडोजवर यासाठी ओएस.स्टॅट लागेल, स्कॅनडिरच्या एन्ट्रीत हे दोन्ही शून्य येतात). दुसरा स्पार्स फाइली, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क इमेज वगैरे, साइज १०० जीबी लिहिलेली पण आत बहुतेक पोकळी. लिनक्सवर खरी व्यापलेली जागा एसटी_ब्लॉक्स गुणिले ५१२, फाइलसिस्टिमचा ब्लॉक कितीही असो इथे ५१२ च. हा आकडा ड्यू कमांडच्या आकड्याशी जुळतो का बघा आणि साहेबांना तोच दाखवा, गेटसाइजचा नको.